ओळीवरचे आणि ओळीखालचे महाभारत

विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या संपादनाची सूत्रे हाती घेतली. तोवर त्या कामाला सहा वर्षे उलटून गेली होती आणि एका पर्वाची नमुनादाखल आवृत्ती तेवढी बाहेर आली होती. पुढची अठरा वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंतचा सगळा काळ, त्यांनी या एका ग्रंथाला दिला. आज जगात कुठेही महाभारताचा गंभीर अभ्यास होतो, तो त्यांनी घालून दिलेल्या संहितेला आणि पद्धतीला धरून. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्या अभ्यासकालाही आपला मतभेद त्यांच्याच श्लोकक्रमांकांत मांडावा लागतो.

अडचण मुळात काय होती, हे आधी पाहायला हवे. महाभारत म्हटले की पुढे कोणती पोथी येते, हे विचारणारा कुठला आहे यावर ठरत असे. कोलकात्यात १८३४ ते १८३९ या काळात छापलेली प्रत वेगळी. मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून नीलकंठाच्या टीकेसह निघालेली वेगळी. दक्षिणेत विसाव्या शतकाच्या आरंभी कुंभकोणमहून निघालेली तर बरीच फुगलेली. कथा एकच, पण श्लोकांची संख्या निराळी, क्रम निराळा, आणि काही आख्याने एकीत असून दुसरीत नाहीत. छापील प्रतींची ही स्थिती, तर त्यांच्यामागे उभ्या असलेल्या शेकडो हस्तलिखितांची काय असेल, याची कल्पना करता येते. आधार घ्यावा असा पाठ हाती नसताना महाभारताच्या काळाबद्दल, समाजाबद्दल, धर्मविचाराबद्दल मोठमोठी विधाने केली जात होती.

ही उणीव युरोपातल्या संस्कृतज्ञांनाही खटकत होती. मॉरिस विंटरनिट्झ यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची गरज मांडली आणि पुढे तिचा पाठपुरावाही केला. हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये काही श्लोकांचा, पाठभेदांसह, छापील नमुना तयार केला. मग पहिले महायुद्ध आले आणि ती योजना तिथेच थांबली. पुण्यात मात्र नेमक्या त्याच सुमारास एक नवी संस्था उभी राहत होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावाने ६ जुलै १९१७ रोजी हे संशोधन मंदिर स्थापन झाले, आणि डेक्कन कॉलेजात असलेला मुंबई सरकारचा मोठा हस्तलिखितसंग्रह १९१८ मध्ये त्याच्या ताब्यात आला. त्याच वर्षी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. चित्रांची हौस त्यांची होती, पण त्या हौसेपोटी जे उभे राहिले ते चित्रांच्या फार पलीकडचे होते. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांनी पहिल्या पाठतुलनापत्रावर मंगलश्लोकाची अक्षरे लिहून कामाचा आरंभ केला. नारायण बापूजी उटगीकरांनी सिद्ध केलेली विराटपर्वाची आवृत्ती १९२३ मध्ये निघाली. ती मुद्दामच कच्ची ठेवली होती, देशोदेशींच्या पंडितांनी दोष दाखवावेत म्हणून.

सुकथनकरांचा जन्म मुंबईचा, ४ मे १८८७ चा. शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली आणि पुढे केंब्रिजला त्यांनी गणित घेतले. संस्कृताकडे ते वळले ते नंतर, आणि वळले तेही बर्लिनला जाऊन. तिथे ते ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकले. ज्याने महाभारताच्या आवृत्तीचा पहिला नमुना छापला, त्याच्याच वर्गात पुढे ती आवृत्ती सिद्ध करणारा माणूस तयार झाला, हा योग लहान नाही. विद्यार्थी सुकथनकरांपुढे तेव्हा महाभारत नव्हते. प्रबंध होता शाकटायनाच्या व्याकरणावर आणि त्यावरील यक्षवर्म्याच्या टीकेवर. परंतु अनेक प्रतींचे आपापसांतले नाते शोधायचे, कोणती चूक कुठून कुठे उतरली हे पाहायचे आणि त्या वाटेने मागे मागे जायचे, ही शिस्त त्यांना बर्लिनने लावली. गणिताने घडवलेल्या बुद्धीला ती मानवलीही.

भारतात परतल्यावर ते पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात रुजू झाले. या काळातले त्यांचे काम महाराष्ट्राच्या इतिहासाशी थेट जोडलेले आहे. बेल्लारी भागातल्या म्याकदोनी येथील सातवाहन राजा पुळुमावीच्या शिलालेखाचे त्यांनी संपादन केले. त्या लेखात सातवाहनांच्या नावाशी जोडलेल्या प्रदेशाचा उल्लेख येतो. त्यावरून त्यांनी असे मांडले, की पुराणे ज्यांना आंध्र म्हणतात त्या राजांचे मूळ स्थान आंध्रदेशात नसून बेल्लारीच्या आसपास असावे. हे मत सर्वांनी स्वीकारले नाही. पैठण-जुन्नरकडे बोट दाखवणारे अभ्यासक नंतरही राहिले. त्या निबंधातली रीत मात्र पाहण्यासारखी आहे. रूढ मताला पुरावा किती, हे आधी तपासायचे, आणि नवे मत पुरावा नेईल तेवढेच पुढे न्यायचे. याच सुमारास भासाच्या नाटकांवरही त्यांनी लेखमाला लिहिली आणि ‘स्वप्नवासवदत्ता’चे इंग्रजी भाषांतर केले. त्रिवेंद्रमला सापडलेली ती तेरा नाटके खरोखर भासाची का, या वादात दोन्हीकडचे लोक हिरिरीने बोलत असताना सुकथनकरांनी निकाल देण्याची घाई केली नाही. आधी नाटकांची भाषा, प्राकृत आणि वृत्ते यांची मोजदाद केली.

महाभारताच्या कामाची खरी ओळख होते ती पाठतुलनापत्रांतून. एका श्लोकाला एक मोठा कागद. कागदावर बारीक चौकटी आखलेल्या. सगळ्यांत वर आधाराला घेतलेल्या छापील प्रतीतला श्लोक, एका चौकटीत एक अक्षर असा लिहिलेला. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक आडवी ओळ. पोथीतले अक्षर वरच्या अक्षराशी जुळले तर चौकट रिकामी. फरक दिसला तर त्याच अक्षराखालच्या चौकटीत तो फरक. उजव्या हाताला रुंद समास, शेऱ्यांसाठी: इथे हरताळ लावून खोडले आहे, इथे समासात दुसऱ्या हाताने भर घातली आहे, या श्लोकानंतर या पोथीत दोन श्लोक जास्त आहेत. भर फार लांब असली, तर ती स्वतंत्र कागदावर उतरवून मूळ पत्राला जोडायची. या जोडकागदांना कार्यालयात ‘शोधपत्र’ म्हणत. अशा दहा तरी पोथ्या स्वतंत्रपणे ताडून झाल्याशिवाय कुठल्याही भागाचा पाठ ठरवायचा नाही, असा नियम होता. बहुतेक ठिकाणी दहापेक्षा कितीतरी जास्त पोथ्या ताडल्या गेल्या.

हे काम करायला लिप्या वाचणारे हवेत. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा निरनिराळ्या लिप्यांत या पोथ्या विखुरलेल्या. सगळ्या पुण्याला आणणे शक्य नव्हते, म्हणून बंगाली पोथ्या शांतिनिकेतनात आणि दक्षिणेकडच्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडण्याची व्यवस्था झाली. तंजावरचे ते ग्रंथालय सरफोजीराजे भोसल्यांनी वाढवलेले. पुण्यात चाललेल्या कामाला दक्षिणेतल्या मराठी राजघराण्याने जपलेल्या पोथ्यांचा असा हातभार लागला. एका आदिपर्वासाठीच २३५ हस्तलिखिते पाहिली गेली आणि त्यांतल्या सुमारे साठांचे पाठभेद छापील आवृत्तीत नोंदवले गेले.

नकलनवीस चुकतो, आणि चुकण्याच्या रीती ठरलेल्या असतात. देवनागरीत घ-ध, भ-म, प-य यांची गल्लत होते. एकच शब्द दोन ओळींत आला, की डोळा वरच्यावरून खालच्यावर उडी मारतो आणि मधला मजकूर गळतो. अशा चुका पाठचिकित्सकाला उपयोगीच पडतात, कारण एकच विचित्र चूक दोन पोथ्यांत सापडली तर त्या दोघी एकाच मूळ प्रतीच्या लेकी ठरतात. महाभारताची खरी गुंतागुंत मात्र हेतुपूर्वक केलेल्या बदलांची होती. ही पोथी कपाटात ठेवायची नव्हती. ती वाचली जाई, ऐकली जाई, तिच्यावर पुराणे सांगितली जात. दुसऱ्या गावच्या पोथीत एखादी कथा जास्त आहे असे कळले, की ती आपल्याही पोथीत असावी असे वाटे. पवित्र ग्रंथातला श्लोक आपल्याकडून गळू नये, ही त्यामागची भावना. महाभारत वाढले ते मुख्यतः या श्रद्धेने, लबाडीने नव्हे, आणि सुकथनकरांनी हे नीट ओळखले होते. या देवघेवीमुळे वंशावळ सरळ राहत नाही. फांद्या परत एकमेकींत मिसळतात. युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी बसवलेली पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही, हे त्यांनी म्हणूनच स्पष्टपणे मांडले.

यात सर्वांत मिसळलेल्या निघाल्या त्या देवनागरी पोथ्या. देवनागरी सगळीकडे वाचता येत असल्याने तिच्यात सगळीकडचे येऊन पडले. नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकातला, गोदाकाठच्या महाराष्ट्रीय घराण्यातला आणि काशीत स्थायिक झालेला. त्याने देशोदेशीच्या पोथ्या जमवून त्यांतले चांगले पाठ निवडल्याचे स्वतःच सांगितले आहे. त्याच्या टीकेला अफाट लोकप्रियता मिळाली आणि त्याचाच पाठ सर्वमान्य होऊन बसला. टीकाकार म्हणून नीलकंठाचे मोल कमी होत नाही. पण जुना पाठ कोणता या प्रश्नाला, निवडून गोळा केलेला पाठ हे उत्तर होत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर देणारी वाट दोन टोकांवरून निघाली. काश्मीरची शारदा परंपरा एका टोकाला, केरळची मलयाळम परंपरा दुसऱ्या टोकाला. मधल्या प्रदेशात श्लोकांची येजा सतत होत राहिली, पण या दोन कोपऱ्यांचा परस्परसंबंध फारच थोडा. त्यामुळे शारदा आणि मलयाळम पोथ्या जिथे एकमुखाने एक पाठ देतात, तिथे तो दोन्ही शाखा फुटण्याआधीचा मानायला हरकत नसते. त्यातही शारदा परंपरा सर्वांत आटोपशीर आणि सर्वांत कमी सजवलेली निघाली. आदिपर्वासाठी तिची जी जुनी भूर्जपत्रावरची खंडित पोथी आधाराला मिळाली, ती पुण्याच्याच संग्रहातली. गेओर्ग ब्यूलर यांनी १८७५ मध्ये काश्मीरचा दौरा करून आणलेल्या हस्तलिखितांतली ती एक. अर्धशतक ती डेक्कन कॉलेजच्या आणि मग संशोधन मंदिराच्या कपाटात होती. तिची किंमत कळायला तिच्या शेजारी दूरच्या पोथ्या आणून ठेवाव्या लागल्या.

पोथ्यांखेरीज बाहेरचे साक्षीदारही होते. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने केलेला संक्षेप ‘भारतमंजरी’, नन्नयाचे तेलुगू भारत, इसवी सन १००० च्या सुमारास जावा बेटावर तिथल्या भाषेत झालेले गद्य रूपांतर, देवबोधाची जुनी टीका. जावातल्या रूपांतरात मधूनमधून संस्कृत चरण तसेच ठेवलेले आहेत, त्यामुळे त्या काळी तिकडे गेलेल्या पोथीत काय होते याचा थोडाफार ठाव लागतो.

आवृत्तीचे उद्दिष्ट सांगताना सुकथनकरांनी कमालीचा संयम ठेवला. व्यासांनी रचलेला मूळ ग्रंथ परत मिळवल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधाराने जितके मागे जाता येईल तितके जायचे आणि तिथे थांबायचे, एवढीच मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतली. वृत्त बिघडले, व्याकरण अडखळले, तरी पोथ्या एकमताने तसे म्हणत असतील तर तसेच ठेवायचे. पदरचा शब्द घालून सुधारणा करण्याचा मोह त्यांनी अगदी मोजक्या जागा सोडल्या तर टाळला. दोन पाठांत निवड करताना, ज्या पाठापासून दुसरा कसा निघाला हे समजावता येते तो जुना. अवघड शब्द असेल तर बहुधा तोच आधीचा, कारण नकलनवीस सोप्याचे अवघड सहसा करत नाही. आणि जिथे मनाची खात्री नाही तिथे छापील ओळीच्या खाली नागमोडी रेघ. जिथे जिथे ती रेघ येते, तिथे संपादक वाचकाला सांगत असतो की इथे आपला पाठ पक्का नाही.

आवृत्तीचे पान पाहिले की त्यांच्या कामाचे सारे स्वरूप कळते. वरच्या भागात ठळक टायपात श्लोक. त्याखाली बारीक अक्षरांत पाठभेद, पोथ्यांच्या सांकेतिक खुणांसह. त्यातच मधूनमधून, क्रमांकावर तारा लावलेले, मुख्य पाठातून वगळलेले श्लोक. फार लांब उतारे पर्वाच्या शेवटी परिशिष्टात. ‘चिकित्सित आवृत्तीने महाभारताची काटछाट केली’ अशी तक्रार आजही ऐकू येते. ती करणाऱ्याने हे पान एकदा निरखून पाहावे. ताडलेल्या पोथ्यांतले संपादकांनी काही टाकलेले नाही. केरळातल्या एखाद्या नकलनवीसाने घातलेला श्लोक, बंगालात वाढलेला एखादा चरण, हे सारे कोणत्या पोथीत कुठे आहे याच्या नोंदीसह तिथे जपलेले आहे. याआधीच्या कुठल्याही छापील महाभारतात इतके महाभारत नव्हते. फक्त काय आधीचे आणि काय नंतरचे, हे आता दिसू लागले.

ओळीखाली काय गेले, हे पाहून अनेकांना धक्का बसला हे मात्र खरे. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही घराघरांत माहीत असलेली कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात पहिल्याच क्रमांकावर आहे, कारण ती सर्व शाखांत नाही. स्वयंवरात कर्ण धनुष्याशी येतो आणि सूताला वरणार नाही असे द्रौपदी भर सभेत म्हणते, त्यावर नाटके झाली, कीर्तने झाली. तो प्रसंगही तळटीपेत तारांकित होऊन बसला. पुढे सभापर्व अमेरिकेतल्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले, त्यात वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मुख्य पाठाबाहेर राहिला. या शेवटच्या निर्णयावर अजून वाद आहेत, आणि तो वाद घालायला लागणारा सगळा पुरावा त्याच पानाच्या खालच्या भागात मिळतो.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला आणि पर्व १९३३ मध्ये पुरे झाले, शंभरावर पानांच्या इंग्रजी प्रस्तावनेसह. भारतीय पाठचिकित्सेचा हा आजही पहिला पाठ आहे. पहिला भाग पाहून विंटरनिट्झ यांनी त्याची गणना माक्स म्युलरच्या ऋग्वेदानंतरच्या सर्वांत महत्त्वाच्या घटनांत केली. सगळेच राजी नव्हते. फ्रान्सचे सिल्व्हँ लेव्ही यांचा सल्ला असा होता, की जुना पाठ शोधण्याच्या भरीस न पडता नीलकंठाचाच पाठ छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत. लेव्ही साधा माणूस नव्हता, त्यामुळे हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सुकथनकरांनी तो पूर्ण आदराने मांडला आणि पूर्ण ताकदीने खोडून काढला: नीलकंठाचा पाठ स्वतःच अनेक पोथ्यांच्या मिश्रणाने बनलेला असताना त्यालाच पाया धरणे म्हणजे गुंता कायम ठेवणे होय.

पुष्टी आली ती अनपेक्षित दिशेने. आदिपर्व छापून झाल्यावर काही वर्षांनी नेपाळमधली एक फार जुनी पोथी त्यांना पाहायला मिळाली. संपादनात तिचा उपयोग झालेला नव्हता. तिच्याशी छापील पाठ ताडून पाहिला, तेव्हा वगळलेल्या कितीतरी जागा तिच्यातही नव्हत्या आणि निवडलेले कितीतरी पाठ तिच्यात तसेच होते. १९३८ च्या सुमारास या पोथीवर त्यांनी लिहिलेला निबंध वाचताना, एरवी भावना दाबून लिहिणाऱ्या माणसाचा आनंद ओळींमधून जाणवतो.

याच वर्षांत ‘एपिक स्टडीज’ या मालेतले त्यांचे निबंध प्रसिद्ध होत होते. त्यांतला १९३६ चा भृगूंवरचा निबंध सर्वाधिक गाजला. च्यवन, और्व, रुरु, जमदग्नी, परशुराम हे सारे भार्गव. कौरव-पांडवांच्या कथेशी त्यांचा संबंध बेताचाच, तरी ग्रंथात ते पानोपानी येतात. एकेक पर्व घेऊन हे उल्लेख त्यांनी मांडले आणि सूतांकडची भारतकथा मधल्या काळात भार्गवांच्या हाती जाऊन तिचे महाभारत झाले, असा निष्कर्ष काढला. नंतरच्या अभ्यासकांनी या सिद्धांतावर बरेच आक्षेप घेतले, आणि एका कुलाकडे एवढे मोठे श्रेय देणे आज जड वाटते. पण जो प्रश्न त्यांनी उभा केला, तो तोवर कुणी विचारला नव्हता.

आदिपर्वानंतर त्यांनी आरण्यकपर्वही स्वतः संपादित केले. ते १९४२ मध्ये पुरे झाले. बाकीची पर्वे त्यांनी वाटून दिली होती. विराट रघुवीरांकडे, उद्योग सुशीलकुमार डे यांच्याकडे, सभा एजर्टन यांच्याकडे. प्रमुख संपादक म्हणून प्रत्येकाच्या कामावर त्यांची नजर असे.

१९४३ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठाने त्यांना महाभारतावर चार व्याख्याने द्यायला बोलावले. अठरा वर्षे अक्षरे मोजण्यात घालवलेला माणूस या व्याख्यानांत ग्रंथाच्या अर्थाकडे वळला. महाभारत म्हणजे वीरकथेभोवती साचलेला उपदेशाचा ढिगारा, हे पाश्चात्त्य पंडितांतले मत त्यांनी पहिल्याच व्याख्यानात झिडकारले. त्यानंतर लौकिक, नैतिक आणि आध्यात्मिक अशा तीन पातळ्यांवर कथा उलगडण्याची योजना होती. प्रत्येक थर सुटा करून दाखवणाऱ्या संपादकाने अखेरीस हा ग्रंथ अखंड आहे असे म्हणावे, हे वरवर विसंगत दिसते. पण कुठला श्लोक कधी आला हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या सगळ्यांना एकत्र बांधणारे सूत्र शोधण्याची गरज इतक्या तीव्रतेने वाटली असेल. चौथे व्याख्यान झालेच नाही. २१ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत जर्मनीत ल्यूडर्सही गेले. व्याख्यानांचे हस्तलिखित तयार होते. ते १९५७ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. त्यांच्या निबंधांचे स्मारकखंड मात्र परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४४-४५ मध्येच काढले होते.

प्रमुख संपादकपद श्रीपाद कृष्ण बेलवलकरांकडे आले. भीष्म आणि शांति ही दोन प्रचंड पर्वे त्यांनी स्वतः केली. १९६१ पासून परशुराम लक्ष्मण वैद्य प्रमुख झाले. रा. ना. दांडेकर, ह. दा. वेलणकर, वा. गो. परांजपे, र. दा. करमरकर अशा मंडळींनी उरलेली पर्वे सिद्ध केली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी संशोधन मंदिरात राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते आवृत्ती पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. १९ खंड आणि त्यांच्या मागे १,२५९ हस्तलिखिते. पुढच्याच वर्षी इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आले. त्यातली माणसे त्यांनी या चिकित्सित पाठाच्या आधाराने उभी केली, आणि पुण्याच्या कार्यालयात चौकटी आखलेल्या कागदांवर झालेले काम सामान्य मराठी वाचकाच्या हाती पोचले. वैद्यांनी मग हरिवंश हाती घेतला, कारण ते खिल, म्हणजे पुरवणी, जोडल्याशिवाय महाभारत पुरे होत नाही. ते आणि चरणसूचीचे खंड १९७० च्या आसपास बाहेर पडले. कोणता चरण कुठल्या पर्वात, कितव्या अध्यायात आहे, आणि तो ओळीवर आहे की ओळीखाली, हे त्या सूचीत अकारविल्हे पाहता येते.